साठ दिवस, नव्वद दिवस आणि पगार

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, म्हणून आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या इमारतीत अळू, गवार, कारली, लाल भोपळा असं सगळं पिशव्यांतून वर येत होतं. समोरच्या काकूंची पिशवी मात्र दारातच पडून होती. त्यांचा मुलगा गणपतीसाठी टेक्सासहून आला होता आणि सुट्टी वाढवून राहिला होता. सकाळी उठला तर कंपनीची मेल: ताबडतोब अमेरिकेत परत या. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिथे नोकरी करण्याच्या एच-१बी व्हिसावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं होतं आणि तो हुकूम आपल्या घड्याळाने रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास लागू होणार होता. तेवढ्या वेळात तिकडे उतरायचं तर त्याच क्षणी विमानतळावर असायला हवं होतं. रात्र उलटल्यावर खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही. तोवर त्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

सोमवारी घट बसले. संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, हे त्यांना माहीत. म्हणाल्या, "तू शिकवतेस ना ते पैशाचं? मग मला सांग. ट्रम्पची माणसं म्हणतात, आपली पोरं स्वस्तात राबून तिथल्या लोकांचे पगार पाडतात. माझा मुलगा कुणाच्या पोटावर पाय देतोय का गं?"

प्रश्न मनापासून होता. नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून मला सुटता येईना. त्यांना त्या संध्याकाळी आणि नंतर दोनतीनदा जे सांगितलं, तेच जरा नीट मांडून इथे लिहिते आहे.

एच-१बी हा व्हिसा अमेरिकेने १९९० च्या कायद्याने आणला. ज्या कामाला किमान पदवी लागते अशा कसबी कामासाठी तो असतो. आधी तीन वर्षं, मग वाढवून सहा. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेच्या बाहेर आहेत. मागणी यापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे सोडत काढतात, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची काढतात तशी. २०२४ या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या अर्जांपैकी साधारण ७१ टक्के भारतीयांचे होते, म्हणून तिथला नियम बदलला की ठाण्यात आणि आयटी कंपन्यांच्या ऐरोलीत घराघरांत फोन वाजतात.

एक गोष्ट मात्र इथेच पक्की लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर फिरतं: अर्ज माणूस करत नाही, कंपनी करते. व्हिसा माणसाच्या पासपोर्टवर असला तरी त्याची दोरी कंपनीच्या हातात असते.

आता पगार. त्यासाठी आधी अमेरिका सोडून आपल्या गल्लीतला फराळ घेऊ.

समजा, एक ताई दिवाळीचा फराळ करून विकतात. चकली हे तिथलं कसबी काम. भाजणी किती घट्ट भिजवायची, मोहन किती घालायचं, तेल पुरेसं तापलंय की नाही, चकली सोऱ्यातून पडताना तुटायला लागली तर पिठाला पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं, हे हाताला कळावं लागतं. अशा दोन बायका त्यांच्याकडे किलोमागे ६० रुपये मजुरीने काम करतात. यंदा ऑर्डरी वाढल्या. त्या दोघी ८० मागतील आणि ताईंना ते द्यावे लागतील, अशी वेळ आली. तेवढ्यात ताईंनी कर्जतहून तिसरी सुगरण आणली. ऐंशीची बोलणी तिथेच थांबली. साठाचे पन्नास झाले नाहीत, पण ऐंशीही झाले नाहीत. कापलेला पगार हातात दिसतो, न वाढलेला पगार कुणालाच दिसत नाही. या विषयावर दोन्ही बाजू इतक्या खात्रीने भांडतात त्याचं निम्मं कारण हे आहे.

पण त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत डोकावून बघा. तिसऱ्या हातामुळे दीडपट ऑर्डरी घेता आल्या. लाडू वळणाऱ्या, चिवडा भरणाऱ्या, डबे बांधणाऱ्या, रिक्षात डबे घालून घोडबंदर रोडला पोचवणारा मुलगा, सगळ्यांना जास्त काम मिळालं आणि ऐन गर्दीत काहींना जास्त मजुरीही. चकलीवाचून फराळाचा डबा पुरा होत नाही. म्हणजे एकाच बाईच्या येण्याने तिच्यासारखंच काम करणाऱ्यांचा भाव अडला आणि तिच्या कामाला पूरक काम करणाऱ्यांचा वधारला.

अमेरिकेतल्या अभ्यासांचे निष्कर्ष वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, ते याच्यामुळे. जॉन बाऊंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस या तिघा अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातल्या संगणक क्षेत्राचा हिशोब मांडला. परदेशी संगणकतज्ज्ञांची भर पडली नसती तर २००१ मध्ये तिथल्या स्थानिक संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते, असं त्यांचं उत्तर आलं. ही चकलीवाल्या दोघींची बाजू. पण याच हिशोबात असंही निघालं की सॉफ्टवेअर स्वस्त झालं, ग्राहकांचा फायदा झाला आणि आयटी कंपन्यांचा नफा वाढला. दुसरीकडे जोव्हानी पेरी, केव्हिन शी आणि चॅड स्पार्बर यांनी १९९० ते २०१० या काळातली २१९ अमेरिकन शहरं पाहिली. जिथे विज्ञान-तंत्रज्ञानातले परदेशी लोक जास्त आले, तिथे पदवीधर स्थानिकांचे पगार जास्त वेगाने वाढलेले दिसले, आणि पदवी नसलेल्यांचेही, थोडे कमी वेगाने. ही पूर्ण घराची बाजू, डबे पोचवणाऱ्या मुलासकट.

काकूंना मी म्हटलं, दोघंही खरं सांगताहेत. तुम्ही कोणत्या खोलीत उभ्या आहात त्यावर उत्तर ठरतं.

शिवाय आकार ध्यानात ठेवायला हवा. अमेरिकी सरकारच्याच अंदाजानुसार २०१९ मध्ये एच-१बीवर तिथे असलेले लोक सुमारे ५ लाख ८३ हजार होते. तिथे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून १६-१७ कोटी. हजारात तीनचार माणसं. एवढ्यांनी न्हाव्याचा, नर्सचा, ट्रक ड्रायव्हरचा पगार पाडला असं म्हणणं टिकत नाही. पण हे लोक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. मंजूर अर्जांतला मोठा वाटा संगणकाशी संबंधित कामांचा असतो, म्हणून जो काही ताण येतो तो त्याच थोड्या टेबलांवर येतो. त्या टेबलावर बसलेल्या पन्नाशीच्या अमेरिकन प्रोग्रामरला देशाची सरासरी सांगून उपयोग नाही.

पगाराची पायरी

'स्वस्तात आणता येणार नाही' असा नियम अमेरिकेत आहेच. कंपनीला लिहून द्यावं लागतं की त्या कामाचा तिथला प्रचलित पगार किंवा आपल्याच कंपनीत तसं काम करणाऱ्यांना मिळणारा पगार, यातला जो जास्त असेल तो आम्ही देऊ. कागदावर चोख. गोम आहे ती 'प्रचलित' कसं ठरवायचं यात.

एका शहरात एकच काम करणारी शंभर माणसं पगाराप्रमाणे ओळीत उभी करा, सगळ्यात कमी पगाराचा पहिला. नियमात चार पायऱ्या आहेत. नवख्यासाठी पहिली पायरी, तिचा पगार साधारण या ओळीतल्या १७ व्या माणसाइतका. दुसरी ३४ व्याइतकी, तिसरी बरोबर मधल्या ५० व्याइतकी आणि सगळ्यात अनुभवी माणसाची चौथी पायरी ६७ व्याइतकी. म्हणजे वरच्या पायरीवरच्या माणसाचाही 'प्रचलित' पगार ओळीतल्या ६७ व्यापेक्षा जास्त ठरत नाही, आणि पहिल्या दोन पायऱ्या तर मधल्या माणसाच्या खालीच आहेत. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१९ चे अर्ज पाहिले तेव्हा ६० टक्के जागा याच खालच्या दोन पायऱ्यांवर दाखवलेल्या निघाल्या.

यावरून लगेच फसवणूक म्हणायची मला घाई नाही. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा मधल्या माणसाइतका पगार कुठेच घेत नाही, ठाण्यातही नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या अर्जांतला मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख २० हजार डॉलर होता, आणि तो तिथेही कमी मानत नाहीत. पण सहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला कागदावर नवखा दाखवला, तर नियम पाळूनही पगार दाबता येतो. १९९८ मधली आणखी एक तरतूद मला जास्त खटकते. ज्या कंपन्यांत एच-१बीवाल्यांचं प्रमाण मोठं आहे, म्हणजे मोठ्या कंपनीत १५ टक्के किंवा त्याहून जास्त, त्यांनी 'आम्ही अमेरिकन माणसाला काढून याला घेत नाही' अशी जादा हमी द्यायची असते. पण पगार ६० हजार डॉलर असला की ही हमी लागत नाही. तो आकडा १९९८ मध्ये ठरला आणि तिथेच राहिला. तेव्हा ती रक्कम मोठी होती. आज संगणक क्षेत्रात ती पार करायला काही लागत नाही.

त्याचं फळ २०१५ मध्ये ऑर्लँडोत दिसलं. डिस्नेमधल्या सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि जाण्याआधी त्यांनीच बाहेरच्या कंत्राटदार कंपनीतून आलेल्या माणसांना केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, दिली. त्या नवीन माणसांत व्हिसावर आलेले भारतीय होते. केटी देणं म्हणजे काय ते ऐरोली-महापेतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आपलं दहा-पंधरा वर्षांचं काम, त्यातल्या खाचाखोचांसकट, दुसऱ्याच्या वहीत उतरवून द्यायचं आणि मग बॅज जमा करायचा. काकूंचा प्रश्न मला टाळता आला नाही तो या माणसांमुळे.

सोडतीमुळे अभ्यासकांना एक सोयही झाली आहे. दोन सारख्याच कंपन्या, एकीचं नाव निघालं, दुसरीचं नाही. निव्वळ नशीब, म्हणून पुढचा फरक व्हिसामुळेच पडला असं धरता येतं. कर्क डोरन, अलेक्झांडर गेल्बर आणि ॲडम आयसेन यांनी २००६ आणि २००७ च्या सोडती अशा तपासल्या, तेव्हा व्हिसा मिळालेल्या कंपन्यांनी इतर माणसं कमी घेतलेली दिसली, आणि नवे शोध वाढल्याचंही दिसलं नाही. नंतरच्या एका अभ्यासात मात्र सोडत लागलेल्या कंपन्या वाढल्या, टिकल्या आणि स्थानिक पदवीधरांना त्यांनी बाहेर काढलं नाही, असं निघालं. माझं मत असं की कोणत्या तऱ्हेची कंपनी आहे यावर खूप काही अवलंबून असतं: नवीन काही बनवण्यासाठी माणूस आणणारी, की दुसऱ्याच्या ऑफिसातलं काम कमी दरात घेणारी.

दोरी

पुन्हा फराळाच्या घरी या. कर्जतहून आलेल्या बाईला राहायची खोली ताईंनी दिली आहे. अट अशी की काम सोडलं की खोलीही सोडायची, दिवाळीच्या तोंडावर, सामानासकट. आता ती ८० मागेल? पलीकडच्या गल्लीतली दुसरी ताई ७५ देतेय हे कळलं तरी जाईल? नाही जाणार. आणि उरलेल्या दोघींनी तोंड उघडलं की ताई म्हणतील, "ती करतेय की एवढ्यात." भाव तिसऱ्या हाताने जितका अडला, त्याहून जास्त त्या खोलीने अडला.

एच-१बीची खोली अशी आहे. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. २००० च्या कायद्याने कंपनी बदलायची मुभा सोपी केली हे खरं, नव्या कंपनीने अर्ज भरला की माणूस तिथे रुजू होऊ शकतो. पण ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग आडवी येते. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातला ७ टक्के वाटा. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशोबात गेली आहे. रांगेच्या अर्ध्या वाटेवर कंपनी बदलायची तर कागदपत्रांचा मोठा भाग पुन्हा करायचा, नव्या कंपनीची मर्जी सांभाळायची. पुष्कळ जण जागचे हलतच नाहीत.

काकूंच्या मुलाची नोकरी २०२३ च्या सुरुवातीला गेली होती. त्या घरातल्या कालनिर्णयवर काकू रोज रात्री झोपण्यापूर्वी पेन्सिलीने एक बारीक फुली मारत. शेजारी गॅसची तारीख, दुधाचा हिशोब, आणि चौकोनाच्या कोपऱ्यात फुली. मी एकदा साखर मागायला गेले तेव्हा विचारलं, हे काय? म्हणाल्या, "साठ व्हायच्या आत मिळायला हवी." ४७ व्या फुलीला नोकरी मिळाली. आधीपेक्षा बऱ्याच कमी पगाराची. त्याने घासाघीस केली नाही, करण्यासारखी त्याची स्थितीच नव्हती.

हे आठवून मी काकूंना म्हटलं, कुणाचा पगार अडला असेल तर तो त्या दिवशी. तुमचा मुलगा भारतीय आहे म्हणून नाही, तो तिथे गेला म्हणूनही नाही. ६० फुल्यांची भीती मागे असलेला माणूस जो आकडा कबूल करतो, तोच मग त्या खोलीतल्या सगळ्यांचा आकडा होऊ लागतो. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसाने वाढ मागितली की मॅनेजरकडे दाखवायला उदाहरण तयार असतं. म्हणून व्हिसे किती द्यायचे यापेक्षा व्हिसा माणसाच्या हातात द्यायचा की कंपनीच्या, हा प्रश्न पगारासाठी मोठा आहे असं मला वाटतं. तिथला वाद मात्र बहुतेक संख्येवरच चालतो.

१ लाख डॉलरचं शुल्क या दोरीला हातच लावत नाही. रुपयांत ते तेव्हाच्या भावाने ८८ लाखांच्या आसपास होतं, म्हणजे मधल्या पगाराच्या जवळजवळ वर्षभराइतकं. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुलासा झाला की अमेरिकेत आधीच शिकत असलेला विद्यार्थी तिथल्या तिथे एच-१बीवर गेला तर हे शुल्क नाही. म्हणजे डॅलसमध्ये मास्टर्स करणाऱ्या मुलाला नाही, घणसोलीतून थेट जाणाऱ्या मुलीला आहे. आणि एवढे पैसे भरून आणलेला माणूस सहज जाऊ द्यायला कोणती कंपनी तयार होईल? दोरी उलट घट्टच व्हायची. डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेला दुसरा बदल मला जास्त शहाणपणाचा वाटतो: सोडतीत वरच्या पगार-पायरीच्या अर्जाला जास्त संधी, चौथ्या पायरीची चिठ्ठी चार वेळा, पहिलीची एकदाच. त्याने स्वस्त माणूस आणण्याचा मोह कमी होईल. नवख्या मुलांची वाट अरुंद होईल हेही खरं.

ऐरोलीत

दार बंद केलं की काम तिथेच राहतं, असं समजणाऱ्यांनी संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर येऊन उभं राहावं. २००४ या आर्थिक वर्षापासून अमेरिकेने मर्यादा १ लाख ९५ हजारांवरून ६५ हजारांवर आणली. त्यानंतर काय झालं याचा अभ्यास ब्रिटा ग्लेनन यांनी केला. ज्या कंपन्यांना माणसं आणता येईनात त्यांनी आपल्या परदेशातल्या शाखांत माणसं वाढवली, विशेषतः भारत, चीन आणि कॅनडात. ताईंना तिसरी सुगरण आणू दिली नाही, तर ऑर्डरच कर्जतला गेली, डबे बांधणाऱ्यांसकट.

मग आपल्याकडे पगार वाढायला हवे होते. अनुभवी माणसांचे वाढलेही. परदेशी कंपन्यांनी इथे काढलेल्या केंद्रांत, ज्यांना सगळे जीसीसी म्हणतात, चांगलं पॅकेज मिळतं. पण फ्रेशरचं पॅकेज मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळतं आहे. महागाई धरली तर ते घटलंच. कारण पुन्हा चकलीचंच. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी मूठभर जागा होत्या, नंतर जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं निघाली. अमेरिकेच्या व्हिसाची आशा त्या जागा भरत राहिली. खन्ना आणि मोरालेस यांनी दाखवलं आहे की अमेरिकेचं स्वप्न बघून भारतात खूप जण संगणक शिकले, सगळ्यांना जाता आलं नाही, काही जाऊन परतले, आणि त्यातून इथला आयटी उद्योग उभा राहिला. नोकऱ्या झाल्या. पण प्रत्येक फ्रेशरच्या मागे रांगेत अजून बरेच जण उभे असल्यामुळे पहिल्या पगाराची बोलणी होतच नाहीत. ऑफर लेटर येतं, सही करायची.

आणि इथेही एक खोली आहे. माझा भाचा ऐरोलीत अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे. पाच वर्षं झाली, शिफ्ट दुपारी सुरू होते, कॅब रात्री एकला कळव्याला सोडते. यंदा त्याला दुसऱ्या कंपनीने चाळीस टक्के हाइक देऊ केली होती. त्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. नव्या कंपनीला ३० दिवसांत माणूस हवा होता. त्याने बायआउट मागितला, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका. एचआरने प्रोजेक्टचं कारण देऊन नाही म्हटलं.

काकूंना हे मी सांगत होते तेव्हा त्यांनी मधेच विचारलं, "मग त्याच्या जागी कुणाला घेतलं त्यांनी?"

नव्या कंपनीतली ती जागा महिनाभरात भरली. भाच्याला देऊ केलेल्या पगारापेक्षा कमीत, प्रोजेक्टविना बेंचवर बसलेला असताना नोकरी गेलेल्या एका मुलाला. तो दुसऱ्या दिवशीच रुजू व्हायला तयार होता.